वाकवलेली काच

कलादालनाच्या भिंतीवर निऑनच्या लाल नळ्यांनी एकच शब्द लिहिला होता, ‘थांब’. त्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. गृहस्थ मला म्हणाले, “ही काच मी वाकवलीय. तापवून वळवताना आत फुंकर घालत राहावं लागतं, नाहीतर नळी चपटी होते.” दुकानांच्या पाट्या एलईडीच्या झाल्या, तसं त्यांचं काम बंद पडलं होतं. या कलाकृतीसाठी त्यांनी ते पुन्हा हाती घेतलं.

त्यांच्या पत्नीने कलाकृतीशेजारी लावलेली माहितीची चिठ्ठी वाचली. तिच्यावर फक्त ही कल्पना ज्याची, त्या कलाकाराचं नाव होतं.

“तुमचं कुठंय?”

“पाट्यांवर तरी कधी होतं?” ते हसले.

उजेड पाहताना आपण काच पाहतच नाही, असं माझ्या मनात आलं. बाईंनी मात्र मोबाइल माझ्या हाती दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “तिथं उभे राहा. नाव नाही, तर चेहरा तरी येऊ दे.”