जनूकाकांनी तुडवलेलं मैदान

जनूकाकांच्या मापाची चप्पल पेणच्या बाजारात मिळत नाही. तीस वर्षं मिठागरात चालून त्यांचे पंजे असे पसरलेत की दुकानदार हात जोडतो. स्वभाव तिरसट. आमच्या गडबमध्ये त्यांच्याशी मोकळेपणाने वागते ती फक्त त्यांची म्हैस, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणतो.

मागल्या वर्षी दरड कोसळली आणि डोंगरातली अख्खी वाडी आमच्या शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली. मुलं आमच्याच शाळेत यायची, पण बसायची वेगळी. एकत्र खेळतील म्हणून शाळेतल्या अनिताबाईंनी फुटबॉल आणला. झालं भलतंच. गाववाले एकीकडे, शेडवाले दुसरीकडे, आणि दुसऱ्याच दिवशी दगडफेक. मग ग्रामसभेत कोणीतरी सुचवलं, शेडची मुलं लांबच्या आश्रमशाळेत पाठवून द्या. हे तेरा वर्षांच्या पारीच्या कानावर गेलं. तिने आल्यापासून कपड्यांचं गाठोडं सोडलंच नव्हतं. इथूनही उठायचंच आहे, असं ती धरून चालली होती.

त्या सभेत काका उठले. भात कापून रिकामं झालेलं आपलं शेत पोरांना खेळायला देतो, भांडणं मी बघतो, म्हणाले. लोक हसले. त्या धसकटांत आणि ढेकळांत बैल नीट चालत नव्हता, तिथे चेंडू काय चालणार?

काकांनी पंप लावून शेत भिजवलं आणि मिठागराचा तळ करतात तसं पोरांकडून तुडवून घ्यायचं ठरवलं. एक रांग, शेजारच्याच्या खांद्यावर हात, सगळ्यांचं पाऊल एकदम. एकाने हात सोडला की तिथे खड्डा राहतो. रांगेत त्यांनी एक गावचं, एक शेडचं असं पोर उभं केलं. गावातल्या करिश्माने पारीच्या खांद्यावर हात ठेवायला साफ नकार दिला. काका ओरडतील असं मला वाटलं.

“मी पन आसाच आलेलो, गो,” ते हळू म्हणाले. “बांध फुटला नि आमचा गाव खाडीत गेला. दोन वरसं मला कोनी खेलाया घेतला नाय. आजून सलतंय.”

करिश्माने हात ठेवला.

आठवडाभर रोज सकाळी तुडवणी चालली. चिखलात कोण आपटलं यावर पोरं हसू लागली, एकमेकांच्या शिव्याही शिकली. शेत सुकून ओट्यासारखं सपाट झालं, तेव्हा काकांनी तीच रांग मधोमध तोडली आणि दोन संघ केले. ते आजही तसेच आहेत. आश्रमशाळेचं नाव पुन्हा निघालं नाही. पारी गोल अडवायला उभी राहते आणि तिच्यावर सगळ्यात जास्त ओरडते ती करिश्मा. पारीचं गाठोडं मात्र बांधलेलंच होतं.

मे संपत आला तरी काका ट्रॅक्टर बोलवेनात. शेत मोडलं तर पोरं पुन्हा पांगतील, या भीतीने त्यांनी यंदाचं भात सोडायची तयारी केली होती. त्यांचा मुलगा निलेश कपाळाला हात लावून बसला. मला काकांचं कौतुक वाटत होतं आणि रागही येत होता. शेवटी पारीच बांधावर आली.

“काका, नांगर घाला,” ती म्हणाली. “भात कापून झाला का आमी परत तुडवू.”

काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि ट्रॅक्टर सांगायला निलेशला हाक मारली. पुढच्या वर्षाचं काही त्या पोरीने पहिल्यांदाच ठरवलं होतं.