आबांचे पाहुणे

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात त्यांना रिकाम्या खाटेवर माणसं बसलेली दिसू लागली. पाव्हण्यांना पाणी दे, असं ते आईला सांगायचे. तिथं कोणी नाही, असं मी म्हटलं की चिडायचे. शेवटी वाद नको म्हणून आईनं खरंच चार पेले भरून खाटेपाशी ठेवले. तिथंच चुकलं. पाण्याला कोणी हात लावला नाही. आमच्यात घरचं पाणी नाकारणं म्हणजे संबंध तोडणं. आपल्या हातून काय घडलं, म्हणून आबा दिवसभर रडले.

करमाडहून काका आले. हे बाहेरचं आहे, गोळ्यांनी आणखी डोकं फिरलंय, सगळ्या बंद करा आणि भगताकडं चला, असं त्यांचं म्हणणं. एक गोळी चुकली तरी आबा लाकडासारखे आखडतात, हे मी पाहिलं होतं. पण मोठ्यांसमोर बोलायची मला सवय नाही. आधी डॉक्टरांना विचारू, एवढंच मी कसंबसं म्हणाले.

दवाखान्यात आम्ही आजवर फक्त थरथरीचं सांगायचो. हे दिसणं लाजेपोटी लपवलं होतं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून लिहून न्यायचं काम माझ्याकडं आलं: पाहुणे कधी येतात, नवी गोळी कधी सुरू झाली. ते मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. जंतुसंसर्गानंही असं दिसू शकतं, म्हणून त्यांनी लघवी तपासायला सांगितली, एक गोळी कमी केली आणि बाकीच्या आपल्या मनानं बंद करू नका म्हणून बजावलं. आजारानं आणि औषधांनी असं होतं, हे वेड नाही, म्हणाले. वाद घालू नका, होला हो पण करू नका. मला दिसत नाही, पण मी जवळ आहे, असं शांतपणे सांगा.

महिन्याभरात पाहुणे कमी झाले, पुरते गेले नाहीत. आयुष्यात कोणाला काही न विचारणारे आबा आता मला विचारायचे, "हायेत का गं तिथं?"

"मला नाय दिसत, आबा."

"बरं."

काका परत आले आणि भगताचा विषय निघाला. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात आबाच अडखळत बोलले, "मला माणसं दिसतेत. ती नसतेत, हे बी कळतंय मला. गोळी बंद करायची नाय."

माझ्या बारावीच्या निकालाचाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.  मग दुपारची गोळी किती वाजता असते, ते काकांनी मला विचारलं.