पूनमच्या दारापुढे बंद केलेला बँड

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज रिठदला पुतण्याची वरात निघाली. वाटेत आमच्या गल्लीतल्या शोभावहिनींचं घर लागतं. त्यांच्या तरुण मुलीला, पूनमला, ऑटिझम आहे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तिला कान दाबून रडताना मी पाहिलं होतं. म्हणून बँडवाल्यांना मीच बजावलं, त्या घरापुढे वाजवू नका.

वरात मुकाट्याने पुढे गेली. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात वहिनींनी फाटकातून हाक मारली.

"काहून बंद केला वो बँड? मयत झाली काय आमच्या घरी?"

मी चपापले. आमच्याकडे वाजंत्री थांबते ती दुखवट्याच्या घरापुढेच.

"पूनमला त्रास होईल म्हणून..."

"तिले फटाक्याचा होते, बँडचा नाही. सकाळपासून नवा ड्रेस घालून वाट पाहून राह्यली पोरगी. मले एकदा इचारलं असतं तर?"

पूनम फाटक धरून रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. बँड मंडपापाशी पुन्हा सुरू झाला होता.

उद्या वहिनींकडे जाणार आहे. माझी काळजी खरी होती, पण मी त्यांना न विचारताच सगळं ठरवलं. तुमच्या गल्लीतल्या अशा घराला तुम्ही कधी विचारलंय, आम्ही काय करू म्हणून?