उताणे तरंगणारे काका

"अहो, समोर या. आणि खाली बसा."

काकांचं कुणाशीही पहिलं वाक्य हेच. मग समोर मी असो नाहीतर आमचे मोठे डॉक्टर. उर्मटपणा नव्हता तो. एका जातीच्या संधिवातानं त्यांचा कणा मानेपासून कमरेपर्यंत धरला होता, तोही पुढे वाकलेला. मान वळत नसे, वर होत नसे. उभ्या माणसाचा चेहरा त्यांना दिसायचाच नाही.

"मी माणसं चपलांवरून ओळखतो," ते म्हणायचे.

बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक म्हणत, टेबलावर वाकून वाकून हे झालं. "मग शेजारचा घड्याळवाला ताठ कसा?" काका विचारत.

सदाशिव पेठेतल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या मागे कोमट पाण्याचा हौद होता. अर्ध्यावर पत्रा, अर्धा उघडा. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकू त्यांना एकेक पायरी उतरवून आणायच्या. काकांना बाहेरचं जग म्हणजे तेवढंच. रात्री कूस बदलायची तरी काकूंना उठवावं लागे.

छातीइतक्या पाण्यात उभे राहिले की त्यांचं दुखणं उतरायचं, खांदे सैल पडायचे. पण उताणं तरंगायला ते तयार नव्हते.

"उलटं पडलेलं झुरळ बघितलंय ना तुम्ही? नको."

कारण काकूंनी सांगितलं. एकदा ते न्हाणीघरात पाठीवर पडले होते. उठता येईना. बरगड्या ताठलेल्या, त्यामुळे मोठ्यानं हाकही मारता येईना. काकू मंडईतून परत येईपर्यंत ते तसेच पडून होते.

शेवटी एके सकाळी हौदाच्या काठावरून काकूच म्हणाल्या, "अहो, ती धरणार आहे. मी इथे आहे. पडा आता."

मी त्यांच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली फ्लोट दिले, डोकं हातांवर घेतलं. काकांनी माझं मनगट घट्ट आवळलं. श्वास तोकडा पडत होता. मग हळूहळू त्यांची बोटं सुटली. ते वर आकाशाकडे बघत राहिले.

"घारी अजून आहेत का हो पुण्यात?"

वर आकाशात दोन घारी फिरत होत्या. "आहेत की," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं नाही मला."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

त्यानंतर ते दर वेळी तरंगायचे. त्रास व्हायचा तो बाहेर येताना. एकेक पायरी चढतील तसं पाण्यानं पेललेलं वजन पुन्हा अंगावर यायचं. "चला, भरा परत पोत्यात," ते हसून म्हणत. पुढे पुढे हसणं थांबलं. एकदा ते कठडा धरून पायरीवरच थांबले.

"मला इथंच ठेवता येत नाही का हो?"

मी हसले. ते हसले नाहीत.

मग आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि हौद बुजवला. दुसरा कोमट पाण्याचा हौद लांब होता, तिथवर रिक्षातले धक्के त्यांना सोसत नसत. मी घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे. शेकायच्या पिशव्या ठेवून बघितल्या. काका सांगू तेवढं निमूट करत, पण त्यांचं बोलणं कमी होत गेलं. जिना उतरणंही थांबलं. थंडीत छातीत कफ भरला, आणि त्या ताठ छातीला खोकून तो बाहेर काढता येईना. त्यातच ते गेले.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. त्यांचे गुडघे धरले होते. मी त्यांना त्या लांबच्या हौदावर नेलं. इतकी वर्षं काठावर बसलेल्या काकू पाण्यात कधीच उतरल्या नव्हत्या. पाणी छातीपर्यंत आलं तशा त्या थबकल्या. एक पाय उचलून बघितला, मग दुसरा.

"हे असं वाटायचं त्यांना?"

"हो."

वेळ संपली. पुढचे पेशंट काठावर येऊन उभे राहिले. मी हात पुढे केला, पण काकूंनी तो धरला नाही.

"राहू दे गं मला जरा वेळ," त्या म्हणाल्या.