मोहन्याचे देव आणि लॅपटॉपमधला परीक्षक

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आमच्या देवघरात जागा केली. फोटो जरा सरकवले, मधली पायरी पुसली, तिच्यावर नवं लाल वस्त्र अंथरलं. कल्याणजवळच्या मोहन्याहून, दादाच्या घरून, आमच्या कुळाचे टाक यायचे होते ना...

टाक म्हणजे कुलदैवतांच्या चांदीच्या छोट्या प्रतिमा. ते थोरल्या भावाकडे असतात, तशी आमच्यात रीत. दादा गेल्या वर्षी गेला. वर्षश्राद्ध झालं आणि गावाहून आत्याचे फोन सुरू झाले. "थोरला गेला की देव धाकट्याकडं. तू तुझ्या घरी, मानपाड्याला घेऊन जा बघू. वहिनीला एकच लेक, ती सासरी गेली की देवापुढं दिवा कोण लावंल?"

वहिनींनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. "रीतच आहे भाऊजी, कधीही येऊन न्या," म्हणाल्या. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. लहानपणी गावच्या शाळेत जाताना ज्यांना नमस्कार करून निघायचो, ते देव माझ्या घरी येणार होते. पण मन कशात लागेना. जपाला बसलो की मणी बोटातच राहायचा...

त्याच रविवारी दुपारी दादाच्या मुलीचा, सायलीचा फोन आला. ती कॉलेजकडून वादविवाद स्पर्धांमध्ये उतरते. सरावासाठी एक ऑनलाइन अ‍ॅप आहे, त्यात परीक्षक एआय. दोघांनी आपापल्या घरून बोलायचं, तो ऐकतो, मार्क देतो, कुठे चुकलं तेही सांगतो. मराठी समजतं त्याला, फक्त स्वतः जरा पुस्तकी बोलतो. तिची पार्टनर आजारी, म्हणून समोर काका.

"पण एक कंडिशन आहे काका. मला मुद्दाम जिंकवायचं नाही हं. तुम्ही समोरच्याचं सगळं लगेच मान्य करून टाकता!"

अ‍ॅपने तीन विषय दाखवले, त्यातला एक सायलीने निवडला. 'वारसा जन्माने नव्हे, सांभाळण्याने ठरावा.' कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते मात्र अ‍ॅप ठरवतं. मी ठरावाच्या बाजूने, ती विरुद्ध.

तिने तो विषय मुद्दाम निवडला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

पोरगी बोलली मात्र फाडफाड. कुणी किती सांभाळलं हे मोजणार कोण? घरोघरी भांडणं लागतील. रीत कधी कठोर वाटते, पण ती सगळ्यांना आधीपासून माहीत असते, म्हणून घर टिकतं... आत्याचंच म्हणणं, पण किती नीट मांडलेलं! आणि मांडणारी कोण, तर जिच्या घरातून ते देव निघणार होते ती.

मग माझी पाळी. स्क्रीनवर सायलीच्या खांद्यामागे मोहन्याचं देवघर दिसत होतं. वहिनी पाटावर बसून टाक पुसत होत्या. दादाची कंपनीत फिरती शिफ्ट, त्यामुळे इतकी वर्षं पूजा त्यांच्याच हातून झालेली. त्या टाकांवरचे चेहरे आता पुसट झालेत, ते वहिनींच्या बोटांनी.

मला हे सगळं समोर दिसत होतं, आणि मी बोलत काय होतो? संस्कार, कर्तव्य, समाज, मूल्यं... शाळेतल्या निबंधासारखं. एकदा 'वहिनी' हा शब्द अगदी ओठांवर आला आणि मी तो गिळला. तेवढं बोललो असतो, तर मग टाक आणायला कुठल्या तोंडाने गेलो असतो?

निकाल आला. सायली जिंकली. माझ्याबद्दल परीक्षकाने लिहिलं होतं, "वक्त्याचा स्वर शांत व प्रामाणिक आहे. मात्र त्यांनी एकही प्रत्यक्ष उदाहरण दिले नाही. सांभाळणारी अशी व्यक्ती खरोखर असते, हे त्यांना पटवून देता आले नाही."

मागून वहिनी हसत म्हणाल्या, "काय भाऊजी, पोरीकडून हरलात?"

मीही हसलो. सायली हसली नाही. "काका, तुम्हाला एकही उदाहरण आठवलं नाही?" एवढंच विचारलं तिने.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मशीनला काय कळतंय, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण त्याला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, तेच तर खुपत होतं... त्याने फक्त माझं बोलणं ऐकलं, आणि त्यात वहिनी कुठेच नव्हत्या. दुसरीकडे भीतीही वाटायची. एवढ्या पिढ्यांची रीत मी मोडायची? उद्या घरात काही कमीजास्त झालं तर? रोज सकाळी देवापुढे हात जोडायचो आणि काय मागावं तेच सुचायचं नाही.

शेवटी काल, आत्याने काढून दिलेल्या दिवशी, मोहन्याला गेलो. वहिनींनी टाक फडक्यात बांधून पाटावर तयार ठेवले होते. "चहा घ्या, मग निघा. आत्याबाईंचे फोनवर फोन चाललेत."

मी आत्यालाच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "आत्या, मी देव नेत नाही. वहिनींनी त्यांचं जेवढं केलंय, तेवढं आपल्यात कुणीच केलेलं नाही. ते इथेच राहतील."

"आरं, आन् सायली सासरी गेल्यावर?"

"तेव्हा सायलीलाच विचारू."

आत्या म्हणाली, "म्हंजी नवरात्रात घट तिथंच बसायचे?"

"इथेच, वहिनींच्या हातून. आम्ही सगळे इथे येऊ."

"मग मला कल्याण ठेसनावर घ्यायला ये. तिथल्या रिक्षावाल्यांशी माझं जमत न्हाई."

सायली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी फडक्याची गाठ सोडली, आणि एकेक टाक वहिनींच्या हातात परत दिला.