बुडणारी दोरी

ऐंशीच्या दशकात मी अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत कारकून होतो. सासुरवाडी तिथून जवळच, वाशिष्ठीच्या काठी. बायकोचा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. एका मे महिन्यात तो जुन्या बाजारातून घेतलेली मासे धरायची परदेशी काठी घेऊन गावी आला. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची आणि जाड दोरीच्या वजनानं ती लांब फेकायची, असा तो प्रकार. दोरी हवेत संथ वळणं घेत जायची आणि पाण्यावर अलगद टेकायची. कितीतरी वेळ आम्ही दोघं नुसते तेच बघत बसायचो.

मासा मात्र लागेना. दोरी तरंगणारी होती आणि उन्हाळ्यात मोठे मासे डोहाच्या तळाशी गारव्याला बसतात. बुडणारी तयार दोरी मुंबईत मिळायची, पण किंमत ऐकून मेव्हणा दुकानातून परत फिरला होता. मग आमचे प्रयोग सुरू झाले. जाळ्याचे शिशाचे मणी टोकाला बांधले, तर पाण्यात दगड पडल्यासारखा आवाज होई. सुती दोरी भिजवून पाहिली, ती ओल्या पंच्यासारखी काठीलाच गुंडाळली. शेवटी लक्षात आलं, सगळी दोरी बुडायला नकोच. वसाहतीतल्या वायरमनकडून फ्यूजची बारीक तार आणली, रेशमी दोऱ्यात पिळून वावभर तुकडा केला आणि तरंगत्या दोरीच्या पुढे जोडला. खर्च जवळजवळ काहीच नाही.

हिरव्या पाण्यात तो तुकडा हळूहळू उतरायचा. आधी राखाडी, मग सावलीसारखा, मग नाहीच. आपलाच एक हात लांबत लांबत कुठल्यातरी थंड जागी पोचलाय असं वाटायचं. तिथलं डोळ्यांना काही दिसत नसे, फक्त बोटांना कळे.

डोहाच्या वरच्या अंगाला काळा कातळ आहे. त्याच्या पलीकडे देवाची कोंड, म्हणजे देवासाठी राखलेला डोह. तिथल्या माशांना रोज नैवेद्याचा भात घालतात, गळ कोणी टाकत नाही. त्या दिवशी आम्हीही कातळाच्या खालच्या अंगालाच उभे होतो. काठी माझ्या हातात होती. बुडालेली दोरी उलट्या ओघानं कातळाखाली सरकत गेली. ओढ लागली ती कोंडीकडून. मला ते कळलं होतं. तरी मी रीळ गुंडाळत राहिलो.

मासा काठाशी आला तशी मी काठी मेव्हण्याकडे दिली आणि गुडघाभर पाण्यात शिरलो. माशाच्या तोंडातून भाताची शितं बाहेर आली, पाण्यावर पांढरी पांढरी पसरली. वर पाहिलं तर देवळाचा गुरव उभा.

"काय रे मुंबईकरा, गोदीतले मासे संपले काय? देवाच्या पानातला घास ओढलास तो?"

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माशाच्या तोंडातला गळ सोडवायला वाकलो.

"चुकलो काका," तो म्हणाला. "भावोजी सांगत होते, तिकडं टाकू नको म्हणून."

आणि मी मान डोलावली.

मासा सोडून दिला. गावानं देवापुढे गाऱ्हाणं घातलं आणि ठरवलं की यापुढे मेव्हण्यानं पालखीला खांदा द्यायचा नाही. मुंबईचा माणूस शिमग्याला गावी येतो तो त्या खांद्यासाठीच.

"मी सांगतो गुरवाला," मी घरी जाताना म्हटलं.

"काय नको. जावई तुम्ही. ताईला पाणवठ्यावर तोंड दाखवता यायचं नाही. ती आहे तोवर बोलायचं नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जड गेलं.

त्यानंतरही तो दर शिमग्याला येई. पालखी नाचायला लागली की ढोलांजवळ उभा राही. डोळे मिटलेले, खांदा आपोआप तालावर हलत असे.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. यंदा शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या चौथऱ्यावर टेकली होती, तेव्हा मी सगळ्या गावासमोर घडलं ते सांगितलं. जुना गुरव आता नाही. त्याच्या मुलानं ऐकून घेतलं आणि नवं गाऱ्हाणं घातलं.

"आता कशाला, भावोजी? गुडघे गेले माझे," मेव्हणा पुटपुटला. रागावला होता का, कळलं नाही.

तरी त्याच्यासाठी दांडा खाली घेतला. दोघांनी त्याला दोन्हीकडून धरलं आणि खांद्यावर पालखी घेऊन तो सहाणेच्या अंगणभर चालला. मागची माणसं खांदा द्यायला पुढे सरकत होती, त्यांच्यात मीही होतो. मला कोणी बाजूला हो म्हणालं नाही. मी आपणहून झालो.