पहिल्या खेपेचा होकार

आमच्या मामाने कधी कुणाला पहिल्या खेपेला हो म्हटलं नाही. चहा पुढे केला तरी आधी "नको", आणि दुसऱ्यांदा आग्रह झाला की कप हातात. कर्जतला बैल बघायला गेला आणि एखादा मनात भरला, की त्या बैलाकडे पाठ फिरवून हा चालू लागायचा. दुपारी पुन्हा तिथेच येऊन उभा! आई म्हणायची, "दादाला न्यायला यम आला तरी त्याला एक हेलपाटा पडंल." मामा त्यावर खूश व्हायचा. "बोलावल्याबरोबर उठाया मी काय तलाठ्याचा शिपाई हाय?"

आमच्या गावात, कळंबात, कुणाच्या मुलीचं स्थळ बघायचं असलं की मामाला बरोबर नेत. मुलाचं घर तो नंतर बघायचा, आधी पाणवठा. विहीर किती लांब, वाटेत चढ किती, चैत्रात पाणी टिकतं का, हे तिथल्या बायकांना विचारायचं, ओंजळभर पिऊन बघायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. "पोरगी नवऱ्याचं तोंड दिसातनं दोनदा बघती, हंडा धा येळा उचलती," हे त्याचं म्हणणं. आणि स्थळ कितीही पसंत पडलं तरी त्या दिवशी होकार नाही. "घरी इचार करून कळवतो," एवढंच. लगेच हो म्हटलं तर मुलगी घरात जड झाली होती असं समोरच्यांना वाटतं, आणि ते तिला जन्मभर ऐकवतात. यात तो चुकत होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याने पाणी चाखून दिलेल्या मुली सुखाने नांदल्या.

माझे वडील लवकर गेले, तेव्हा आई मला घेऊन मामाकडेच आली होती. शिकवलं त्यानेच. दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या साली मी मॅट्रिक झाले, आमच्या गावातली पहिलीच मुलगी. मला कॉलेजात जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. कॉलेज म्हणजे मुंबई, आणि आमच्या घरातलं कुणी कल्याणच्या पुढे गेलेलं नव्हतं. मामाने माझी गुणांची यादी धोतराच्या फडक्यात बांधली आणि पेरणी उरकल्याबरोबर निघाला. मी म्हटलं, मीही येते.

"स्थळ बघाया पोरीला नेत नसत्यात."

"मामा, हे शिक्षणाचं आहे."

"तेच म्हनतो मी. चार वर्सं नांदायचं हाय ना तिथं?"

गावचा एक जण गोदीत कामाला होता, त्याच्याकडे मामा तीन दिवस राहिला. दोन कॉलेजं बघितली. पहिलं समुद्राला लागून. तिथे तो समुद्राकडेच बघत बसला असावा. "येवढं पानी, आनि भाताला एक थेंब उपेगाचा नाय," म्हणाला. त्या खाऱ्या वाऱ्याने पोरीची छाती धरेल म्हणून ते नापास झालं. दुसरं जरा आत होतं, मुलींचं वसतिगृह असलेलं. तिथे त्याने ना प्रिन्सिपॉल विचारला ना वर्ग. माळ्याला आणि स्वयंपाकीणबाईला विचारलं, मुली पोटभर जेवतात का, रडतात का. नळाचं पाणी दोन तांबे प्यायला. मग कचेरीत गेला.

हे सगळं ओटीवर बसून तो रंगवून सांगत होता. आई आणि मी ऐकत होतो. कारकुनाने माझे गुण बघितले आणि म्हणाला, "मुलगी हुशार आहे. वसतिगृहात एकच जागा उरली आहे. नाव घालू का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! त्यांनीच मागनी घातली गं पोरी, आपन नाय."

"तू हो म्हणालास ना?"

मामा हसला. "घरी इचार करून कळवतो म्हनलं. येड्यावानी लगेच हो म्हनू?"

जागा एकच आहे, असं मी सांगितलं, रडले, उद्याच जा म्हणाले. तो मला समजावत राहिला, की दुसऱ्याच दिवशी धावत गेलं की किंमत राहत नाही, निदान चार दिवस जाऊ द्यावेत. माझी किंमत राहावी म्हणूनच तो थांबला होता. पाचव्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, होकाराचा नारळ घेऊन तो गेला. त्याच संध्याकाळी परत आला. नारळ पिशवीत तसाच होता.

"जागा भरली," एवढंच बोलला. वसतिगृहाशिवाय मुंबईत मला ठेवणार कुठे? तो विषय तिथेच संपला. पुढचे चार महिने मी त्याच्याशी बोलले नाही. त्याने एकदाही, का बोलत नाहीस, असं विचारलं नाही. तो नारळही कुणी फोडला नाही.

दोन वर्षांनी मला खालापूरकडचं स्थळ आलं. मामा चार माणसं घेऊन गेला. चहा झाला, मुलाच्या बापाने विचारलं, "मग कसं करायचं?" आणि मामा बसल्या जागी म्हणाला, "हो. आमचा होकार हाय." बरोबरची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. घरी आल्यावर आईने विचारलं, "दादा, पानी बघितलंस का?"

"येळ गेला असता गं," तो म्हणाला. "जागा भरली असती."

माझ्या सासरची विहीर टेकाडाखाली, अर्ध्या कोसावर. चैत्रात ती आटली की नदी, म्हणजे त्याच्या दुप्पट. त्या पहिल्याच चैत्रात मामा मला भेटायला आला, कळंबहून निघून, भर उन्हाचा. मी तांब्या दिला. एका दमात प्याला.

"लांबनं आनतीस गं?"

"नाही रे मामा. परसातच आहे विहीर."

दाराशी माझी डोक्यावर हंड्याखाली ठेवायची चुंबळ पडली होती, अजून ओली. तो तिच्याकडे बघत होता. मला त्या माणसाची इतकी माया आली की सगळं कॉलेज त्याच्यावरून ओवाळून टाकावं. मी विचारलं, "आणखी देऊ?"

"नको," मामा म्हणाला.

मी दुसऱ्यांदा आग्रह केला. तरीही तो नकोच म्हणाला.